आधीच दिलेले नाव

हे नाव या पानावर आधीच कुणाला तरी दिलेले आहे, अशा अर्थाची एक लाल ओळ सकाळी माझ्या पडद्यावर उमटली आणि तिच्याखालचे अर्धे पान पांढरेच राहिले. अशा लाल ओळी मी रोज पाहतो. त्या वाचतो, त्यांचे मूळ शोधतो आणि चहा निवण्याच्या आत बहुधा त्या नाहीशाही करतो. पण आज मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. खाली खाजा मियांच्या गादी भांडारात कापूस पिंजण्याचे यंत्र सुरू झाले होते. त्याची घरघर फरशीतून माझ्या तळपायांत येत होती, आणि उघड्या खिडकीतून कापसाचे तंतू एकामागून एक वर चढत होते. उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात आले की ते उजळत, पट्टा संपला की विझत. जणू त्यांना असण्यासाठी तेवढीच जागा दिलेली होती. मला वाटले, ही ओळ यंत्राने लिहिलेली नाही. आमच्या घरातले कुणीतरी फार वर्षे हे वाक्य तोंडात धरून होते, आणि आज ते चुकून माझ्या पडद्यावर सांडले आहे.

आमची कंपनी पुण्यात आहे. मी आणि खाजा मियांचा अफरोज हिंगोलीत, त्यांच्या दुकानावरच्या खोलीत बसून तिचे काम करतो. मी लिहितो, अफरोज तपासतो. वेब पानांवर लागणारे तयार भाग आम्ही घडवतो: बटणे, याद्या, तारीख निवडायची चौकट. प्रत्येक भागाला एक नाव असते, आणि त्या नावामागे त्याला चालवणारा जावास्क्रिप्टचा कोड असतो. त्या कोडला आणखी कुठला तरी कोड लागतो, त्याला तिसरा. ज्याच्यावाचून ज्याचे अडते ती त्याची डिपेन्डन्सी. माझे काम एवढेच, की या सगळ्यांना पानापर्यंत नीट आणायचे. जे लागणार नाही ते आणायचे नाही. जे आता लागेल ते थोडे आधी उंबऱ्याशी आणून ठेवायचे. आणि एकदा आणलेले पुन्हा आणायचे नाही, कारण आमच्या खेड्यांत फोनला जेमतेम रेंज असते आणि दुसऱ्यांदा आणलेल्या गोष्टीचे ओझे माणसाला फक्त वाट पाहायला लावते. कोड पोहोचेपर्यंत ब्राउझर त्या नावाची जागा राखून ठेवतो. तिथे नाव असते, पण ते नाव म्हणजे काय हे अजून कुणाला ठाऊक नसते. मग कोड येतो, त्या नावाची नोंद होते, आणि रिकामी जागा एकाएकी जिवंत होते. काम नसले की मी मुद्दाम नेटचा वेग अगदी कमी करतो आणि ती राखलेली जागा पाहत बसतो. असे करण्याचे कारण मी अफरोजला कधी सांगू शकलेलो नाही. मला तो अवधी आवडतो. जे यायचे आहे ते निघालेले असते आणि वाटेत असते.

पण नावाचा नियम कठोर आहे. एका पानावर एक नाव एकदाच देता येते. दिलेले परत घेता येत नाही, बदलता येत नाही. त्या सकाळी बिघडलेले पान एका ग्राहकाचे होते. त्याचा वरचा भाग त्यांच्या जुन्या मंडळींनी बांधलेला, खालचा नव्यांनी. दोघांनी आमची लायब्ररी, म्हणजे या तयार भागांचा संच, आपापली आणली होती, एकाने जुनी आवृत्ती, दुसऱ्याने नवी. जुनी तारखेची चौकट आधी आली आणि नाव घेऊन बसली. नवी तेच नाव मागत आली तेव्हा ब्राउझरने नकार दिला, आणि ती जिथे होती तिथेच थांबली. तिच्यामागून जे जे येणार होते तेही थांबले.

अफरोज माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होता. त्याच्या शर्टाला नेहमीप्रमाणे कापूस चिकटलेला होता.

"काहून असा फोटू काढल्यावानी बसला?" तो म्हणाला. "एक लाईनीचं काम हाय. नोंद करायच्या आधी पुसायचं, नाव घेतलेलं हाय का? असंल तर गुमान मागं फिरायचं. तकलीफच न्हाई."

"आणि ते नवं कुठं जाईल?"

"कुठं जातंय? जुन्याच्याच नावावर भागंल त्याचं. तुह्यासारखंच करायचं, यार. परवा बसमध्ये खिडकीची शीट धरली व्हती तू. कुणीतरी 'ही माही जागा हाय' म्हणलं, का लगेच उठून उभा. तिकीटबी दाखवलं न्हाई."

तो हसला, मीही हसलो. ती ओळ मी लिहिली. पान भरून आले. खालच्या भागात जिथे पांढरे होते तिथे तारखेची चौकट उभी राहिली, नव्या रंगांत, नव्या कोपऱ्यांसह, आणि अफरोज अंगठा दाखवून खाली चहा सांगायला गेला.

तेवढ्यात मायचा फोन आला. आज दुपारी शिरड शहापूरला, आमच्या घरी, दादाच्या मुलीचे बारसे होते. पुनमवहिनीच्या माहेरी कनेरगाव नाक्याला सुतक पडले होते, म्हणून बारसे आमच्याकडे ठरले होते.

"निघालास का न्हाई?" माय म्हणाली. "येताना पेढे आण. आन ऐक, नाव ठरलंय."

"काय?"

पलीकडे भांड्यांचा आवाज होता. घुगऱ्या शिजत असाव्यात.

"निलम," ती म्हणाली.

मी "बरं" म्हणालो. माझ्या तोंडून बहुतेक प्रसंगी हाच शब्द आधी निघतो. मला काय वाटते ते फार मागून येते, आणि तोवर समोरच्याने फोन ठेवलेला असतो. निलम म्हणजे माझी बहीण. मी लहान असताना ती तापाने गेली, शाळेत जाणारी, दोन वेण्यांची. तेव्हापासून आमच्या घरात हे नाव कुणी उच्चारले नव्हते. तिच्याविषयी बोलायचे झाले तर 'ती' म्हणत, आणि 'ती'च्या आधी एक छोटीशी जागा मोकळी सोडत. औंढ्याच्या रस्त्यावर त्याच नावाची एका साडीच्या दुकानाची पाटी होती. तिथून जाताना आबा मोटारसायकलचा वेग वाढवीत. मागे बसलेल्या मला तो वेग पाठीत जाणवे आणि मी डोळे मिटून घेई. आणि आज ते नाव फोनवरून, घुगऱ्यांच्या वासातून, इतके सहज आले. मी सुन्न झालो. त्याचबरोबर कुठेतरी आत, लाज वाटावी असा, मला आनंदही झाला. आता आम्हाला ते नाव घेता येईल. अंगणात, दारात, दिवसातून कितीदा तरी कुणीतरी हाक मारील, आणि त्या हाकेला कुणीतरी धावत येईल.

लगेच दुसरा फोन आला. पुनमवहिनी दबक्या आवाजात बोलत होत्या. बाळंतिणीच्या खोलीचे दार त्यांनी लोटून घेतले असावे.

"भाऊजी, तुमाला कळलं का?"

"हो."

"माह्या लेकराला ते नाव नका ठेवू देऊ. मला राग न्हाई ओ ताईंचा. मी तर त्यांना पाहिलंबी न्हाई. पण माय आत्तापासूनच म्हणून राहिल्या, डोळे तसेच, रडणं तसंच. उद्या ही चालाया लागली तर तशीच चालती का ते बघतील. शाळंत गेली तर तशीच शिकती का ते बघतील." त्यांचा आवाज फाटला. "आन तिला एखाद्या दिवशी ताप आला तर, भाऊजी, हे घर तिच्याकडं कसं बघंल, सांगा बरं?"

मी फोन घेऊन खिडकीशी गेलो.

"यांना म्हणलं, तर हे म्हणतेत मायच्या मनासारखं व्हऊ दे. आबा तर बोलतच न्हाईत. तुमी बोला. तुमी कधी बोलत न्हाई, म्हणून तर ऐकतील."

फोन ठेवून मी पडद्याकडे वळलो, आणि तेव्हा मला दिसले. नव्या चौकटीत सुट्टीचे दिवस करडे दिसायला हवे होते. त्यांच्यावर बोट ठेवले तरी ते निवडले जाऊ नयेत, यासाठीच तर आम्ही ती नवी आवृत्ती घडवली होती. पण खालची चौकट सुट्टीचे दिवस बिनदिक्कत निवडू देत होती. रंगरूप वेगळ्या फाइलीतून आलेले, म्हणून अंगावरचे कपडे नवे; वागणे मात्र जुने. साहजिकच होते. नव्याला आम्ही मागे फिरवले होते, आणि त्या नावामागे जुनाच कोड जिवंत होता. जो कुणी ते नाव घेऊन पानावर येईल त्याला जुन्याच्याच सवयी मिळणार. तो स्वतः कसा असणार होता हे कुणालाही कळणार नाही, त्यालाही नाही. पानावर एकही लाल ओळ नव्हती. सगळे शांत, भरलेले, नीटनेटके दिसत होते.

मी ती ओळ काढून टाकली. पान पुन्हा अर्धे पांढरे झाले.

"काहून काढली?" अफरोज चहाचे ग्लास घेऊन दारात उभा होता. "चालून राहिलं व्हतं ना?"

"चालत होतं, पण ते जुनंच चालत होतं."

"अबे, पण दिसत व्हतं ना! तपासणारा मी हाय. मी पास केलं."

"नव्याला नवं नाव देऊ," मी म्हणालो. "नावाच्या शेवटी त्याची आवृत्ती जोडायची. जुनं जिथं आहे तिथं राहू दे, त्याला हात लावायला नको. आणि दोघांना जे सारखंच लागतं ते दोनदा आणायचं नाही. एकच प्रत वर ठेवू, दोघं तिथून घेतील."

"म्हंजी सगळ्या पानांत नाव बदलायचं. दोन दिस जातील."

"जाऊ दे."

त्याने माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. "आज तिकीट दाखवून राहिला तू," तो म्हणाला आणि माझा चहा माझ्या हातात दिला.

बस औंढ्याकडे निघाली तेव्हा ऊन चढले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळद निघाली होती, आणि शेताशेतांत शिजवणीची कढई लागलेली होती. धूर आणि वाफ एकमेकांत मिसळून जमिनीवरून सरकत होती. बसच्या काचेवर तो ओला, मातकट, गोडसर वास येऊन बसला आणि मी हिंगोली मागे टाकण्याऐवजी वर्षे मागे टाकीत गेलो. हळद शिजवायच्या दिवसांत आबा पहाटेच कढई चढवीत. मी अंथरुणातून उठून तसाच शेतात जाई. वाफ इतकी दाट असे की समोरचे माणूस दिसत नसे, नुसता आवाज येई. निलमताई त्या वाफेत कुठेतरी उभी असे. "मी कुठं हाय, सांग?" ती विचारी. मी आवाजाच्या दिशेने हात पुढे करून चालत असे. मग वाफ खालून वर विरू लागे, आणि ती आधी पावलांनी यायची, मग परकराच्या काठाने, मग हातांनी, आणि अगदी शेवटी चेहरा. तो चेहरा येईपर्यंतच्या क्षणात मला एक भीती वाटे, की या वेळी चेहरा दुसऱ्याच कुणाचा निघेल. तो नेहमी तिचाच निघे. मी तिला घट्ट मिठी मारी. ती म्हणे, "येडा हायस का, मी काय कुठं गेले व्हते का?"

तिला नांदेडला दवाखान्यात नेले त्या दिवशी मी जीपच्या मागे थोडा धावलो आणि धुळीत थांबलो. धूळ वाफेसारखीच खालून वर विरत गेली. नंतर कितीतरी दिवस मी शेतात जाऊन पहाटेच्या वाफेत उभा राहत असे. कुणाला सांगितले नाही. कदाचित मी अजूनही तिथेच उभा असेन, आणि पुण्याच्या कंपनीसाठी काम करणारा, बसमधली जागा सोडून उठणारा जो कुणी आहे तो माझ्या जागी नुसता राखून ठेवलेला असेल. आणि आता माय म्हणत होती, वाफेतून ती येते आहे. पाळण्यात, मुठी आवळून, डोळे मिटून. मला ते हवे होते. अगदी खरे सांगायचे तर पुनमवहिनींपेक्षा मायचेच म्हणणे मला हवे होते. पण ज्या चेहऱ्याची वाट पाहायची तो दुसऱ्याच कुणाचा निघाला, तर त्या दुसऱ्याला आम्ही काय म्हणणार होतो? तू ती नाहीस, असे? रोज, थोडे थोडे, न बोलता? बसने औंढा मागे टाकले, आणि त्या जुन्या पाटीच्या जागी आता मोबाइलचे दुकान दिसले.

घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मधल्या खोलीत पाळणा टांगला होता, त्याला झेंडूच्या माळा होत्या. बायका भिंतींना टेकून बसल्या होत्या, पुरुष ओसरीवर. वहिनी पाळण्याजवळ पदर कानांवरून घट्ट घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि नजर खाली केली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. दादाला सख्खी बहीण उरलेली नव्हती, म्हणून चुलतबहीण मंजुषाताई परभणीहून आली होती. कानात कुर्र केले की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, त्याची तिने आधीच तयारी चालवली होती.

"आधीच सांगते, हळू मारा गं. मागल्या बारशात या रूपाबाईनं आशी मूठ हाणली का माहं कंबरडं गेलं."

"आहेर घ्यायला कंबर बराबर चालती की तुही," रूपाबाई म्हणाली, आणि खोली हसली. रूपाबाई आमच्या शेजारची. तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो.

बाळाला पाळण्याखालून आणि वरून फिरवून झाले, पाळण्यात निजवले. मंजुषाताई वाकली. "नाव काय सांगू, काकू?"

माय उभी होती. तिचा चेहरा इतका उजळ मी कधी पाहिला नव्हता, आणि त्या उजळपणानेच माझे धैर्य गळाले.

"निलम," माय म्हणाली.

ते नाव कुणाचे हे जुन्या बायकांना ठाऊक होते. वहिनींचा हात पाळण्याच्या दोरीवर होता, तो तसाच राहिला. दादा ओसरीच्या खांबाकडे पाहत होता. आबा टोपी काढून तिच्या आत काहीतरी शोधत असल्यासारखे बसले होते. मंजुषाताईने वाकल्या वाकल्याच सगळ्यांकडे पाहिले आणि ती आणखी वाकू लागली.

"माय," मी दारातून म्हणालो.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. सगळ्या माना दाराकडे वळल्या. बरं, हा शब्द जिभेवर आला होता, मी तो गिळला.

"निलमताई हाय की आपली," मी म्हणालो.

"काय म्हणलास?"

"ती हाय. ह्या लेकराची आत्या हाय ती. तिचं नाव हिला दिलं, तर मग आत्याला काय म्हणायचं? हिनं उद्या विचारलं, माही आत्या कोण, तर कुणाचं नाव सांगशील?"

माय माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचे तेज उतरत गेले, आणि मला वाटले, मी आज आपल्या हातांनी तिची मुलगी दुसऱ्यांदा तिच्यापासून काढून घेतली. मला पळून जावेसे वाटले.

"निलमताई म्हणलास," माय हळूच म्हणाली. "एवढ्या वर्सांत ह्या घरात कुणी म्हणलं न्हवतं. मलाच वाटायचं, म्या म्हणलं न्हाई तर ती कुठंच न्हाई." तिने पदराने तोंड पुसले, डोळे नाही. ओसरीवर आबांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि पुन्हा काढली. "व्हय. हाय ती," ते म्हणाले. आबांचा आवाज कित्येकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला असेल.

माय वहिनींकडे वळली. "तुला काय ठेवायचंय गं?"

"शर्वरी," वहिनी म्हणाल्या. इतके हळू की मंजुषाताईला पुन्हा विचारावे लागले.

"सर्वरी," मायने जिभेवर घोळवून पाहिले. तिला ते जमले नाही. "कठीण हाय बाई. जमंल हळूहळू." मग ती मंजुषाताईच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "तू जरा बाजूला हो, बाई. राग मानू नको. ह्या लेकराला सख्खी आत्या हाय. तिच्या वतीनं म्या करते."

"आज्जीनं कुर्र करायचं?" रूपाबाई म्हणाली. "आसं कुठं आस्तंय का?"

"आज्जी न्हाई गं," माय म्हणाली. "आत्ता म्या आत्या हाय."

ती पाळण्यावर वाकली. तिच्या पाठीचे मणके पातळातून वर आले. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन ती कुर्र म्हणाली, मग नाव सांगितले, चुकतमाकत, पुन्हा एकदा नीट. नाव सांगून झाले तरी ती उठली नाही. बायकांच्या मुठी रिवाजाप्रमाणे वर गेल्या आणि तशाच हवेत थांबल्या. त्या म्हाताऱ्या, वाकलेल्या पाठीवर कुणाचा हात पडेना.

मायने तोंड बाळाच्या कानाशी तसेच ठेवले होते. तिचा आवाज पाळण्यातून आल्यासारखा आला.

"मारा की गं. हात काहून आवरून राहिल्या? माही निलम काय एवढ्यानं मोडणारी न्हाई."

पहिली मूठ पुनमवहिनींची पडली.